गाडीपुरतं पाणी

आमचे वस्ताद मोटार चालवायचे कमी आणि तिच्याशी भांडायचे जास्त. "चल गो बाय, आता नखरं पुरे," अशी सुरुवात व्हायची आणि आंबेनळीचा घाट लागेपर्यंत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार झालेला असायचा. पुढच्या बाकावरच्या नव्या उतारूला वाटायचं, हा आपल्यालाच बोलतोय. एकदा एक वकील खरंच रागावून खाली उतरले. वस्ताद हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमाला बोलायची माझी काय टाप? मी हिला बोलतोय. ही ऐकून न ऐकल्यासारखं करते म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं." वकील परत चढले, पण मागच्या बाकावर जाऊन बसले.

मी तेव्हा महाडच्या मोटारस्टँडवर तिकिटं फाडत असे आणि अधूनमधून वस्तादांच्या गाडीवरही जात असे. वय तेवीस, मॅट्रिकला दोनदा आपटलेला, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. आमच्या शेटच्या चार मोटारी होत्या. महाडहून पोलादपूर, तिथून घाट चढून महाबळेश्वर, असा त्यांचा रस्ता. दर मोटारीवर एक ड्रायव्हर आणि एक क्लिनर. ड्रायव्हर चौघंही वस्तादच म्हणवून घेत, पण नुसतं 'वस्ताद' म्हटलं की तो मान या एकट्याचा. त्यांचं पाळण्यातलं नाव हजेरीच्या वहीत मी रोज लिहायचो, आणि आज ते नीट आठवत नाही. माझ्या मेल्या डोक्याचं काय करावं!

वस्ताद मूळचे कुडपणच्या अंगाचे, डोंगरातले शेतकरी. ऐन उमेदीत त्यांनी याच घाटात बैलगाड्या हाकल्या होत्या. पुढं कुठल्याशा साहेबाच्या मोटारीवर क्लिनर राहिले आणि बघून बघून चालवायला शिकले. पण बैल काही त्यांच्यातून गेला नाही. चढावर गाडी दमली की ते जिभेनं टकटक आवाज करत आणि दाराबाहेर हात काढून पत्र्यावर थोपटत. मोटारीत पाय ठेवण्याआधी वहाणा काढत. घाटातल्या एकेका वळणाला त्यांनी नात्यातल्या माणसांची नावं दिली होती. मावशीचं वळण सोपं, पसरट. चुलत्याचं वळण दिसायला साधं, पण ऐनवेळी फसवणारं. सगळ्यात वाईट, खाली थेट दरी असलेलं वळण सासऱ्याचं. तिथं आले की ते गप्प होत, मोटारीलासुद्धा बोलत नसत. ते पार झालं की "सुटलो रे बाबा," म्हणून कपाळाचा घाम पुसत. सासरे कधीच वारले होते, तरी हा घाम होताच.

त्यांचं जेवणही त्या इंजिनावर. सकाळी निघताना फडक्यात बांधलेली भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी बॉनेटखाली एका खोबणीत ठेवायची, की पोलादपुरापर्यंत गरमागरम. उतारू नाकाला पदर लावत. एकदा शेट म्हणाला, "अहो वस्ताद, गाडीला वास येतो." वस्ताद म्हणाले, "मग तिला काय भूक लागत नाय?"

आता संघाचं सांगतो. वस्तादांचा पुतण्या मुंबईत गिरणीत होता. गणपतीला गावी आला की संप, सभा, लाल बावटा असल्या गोष्टी बोलायचा. त्याच्या नादानं आम्हीही शेडमध्ये एक संघ काढला. चार ड्रायव्हर, चार क्लिनर आणि मी, मिळून नऊ डोकी. पुतण्यानं कौतुकानं लाल कापडाचा एक बावटा पाठवला. वस्तादांनी तो दोन दिवस खुंटीवर ठेवला आणि तिसऱ्या दिवशी त्याच बावट्यानं मोटारीची काच पुसायला लागले. "कापड चांगलं हाय. नुसतं टांगून कशाला ठेवायचं?"

अध्यक्ष तेच झाले. मी चिटणीस, कारण लिहिता येणारा मी एकटाच. मला ते नावानं हाक मारत नसत, 'लेखणी' म्हणत. "लेखणी, लिव्ह." संघाचा पहिला ठराव त्यांनीच मांडला, आणि मत घ्यायची वेळ आली तेव्हा विरुद्ध हातही त्यांनीच वर केला. मी म्हटलं, "वस्ताद, ठराव तुमचा ना?" ते म्हणाले, "माझाच. पण एक तरी हात इरुद्ध पायजे. नायतर उद्या भांडाण झालं की म्हणाल, आमाला कोणी इचारलंच नाय." तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक ठरावाखाली हेच: बाजूनं आठ, विरुद्ध एक, विरुद्ध अध्यक्ष. बाहेरच्या कोणी ती वही वाचली असती तर त्याला वाटलं असतं, या संघात रोज भाऊबंदकी चालते.

संघाचे कायदे फार नव्हते. त्यातले दोन महत्त्वाचे. एक, जागा मोकळी झाली की ती शेडमधल्या सगळ्यात जुन्या माणसाला. दुसरा, गाडीचं काम ज्याचं त्यानं करायचं. हँडल मारून इंजिन चालू करणं, चढावर चाकामागं दगड लावणं आणि गाडीला पाणी भरणं ही कामं क्लिनरची. ड्रायव्हरनं त्यात हात घालायचा नाही, आणि क्लिनरचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. हे कायदे वस्तादांनी सांगितले, मी लिहिले, आणि त्या वेळी त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

मग वस्तादांच्या गाडीचा क्लिनर मुंबईला गिरणीत गेला. शेडमधला सगळ्यात जुना माणूस कोण? तर धोंडू.

धोंडू शेडमध्ये मोटारी धूत असे. पस्तिशीचा, उंच, कमी बोलणारा. आमच्या बाजूच्या महारवाड्यांतून पुष्कळ माणसं पलटणीत जात, तसा हाही गेला होता. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला सरकारी लॉऱ्या चालवल्या होत्या त्यानं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठं काय बिघडलं ते सांगायचा. चारही ड्रायव्हर अडले की गुपचूप त्याच्याकडे जायचे, आणि शेटला ते चांगलं माहीत होतं. पण कागदावर धोंडू गाड्या धुणारा, कारण धुणाऱ्याला उतारूंच्यात जावं लागत नाही. त्याला पुढं लायसन काढून ड्रायव्हर व्हायचं होतं. शेटकडे त्याचा रस्ता एकच होता. आधी क्लिनर व्हायचं, रस्त्यावर दिवस काढायचे, मग शेटनं चिठ्ठी द्यायची.

वस्तादांनी कायद्यावर बोट ठेवलं. "जुना हाय? मग जागा त्याची." शेटनं मान डोलावली. महाबळेश्वरचा सीझन तोंडावर होता आणि धोंडूसारखा माणूस गाडीवर असणं त्याच्या फायद्याचंच होतं.

आता कोणी म्हणेल, तुमचे वस्ताद मोठे सुधारक दिसतात. छे हो! शेडमध्ये त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळ्या खुंटीला टांगलेला असे आणि धोंडूची सावली पडली तरी ते तो विसळून घेत. धोंडू गाडीवर आला त्या पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीचं फडकं बॉनेटखालून काढलं आणि आपल्या बाकाखाली ठेवलं. बॉनेट आता धोंडू उघडणार होता ना. आयुष्यात पहिल्यांदा ते गार भाकरी खायला लागले. धोंडूनं ते बघितलं. मला म्हणाला, "इंजिनाला मी चालतो, भाकरीला नाय."

मला हसू आलं. पण माझं तरी काय? मी सुशिक्षित. हजेरीचा पितळी बिल्ला मी प्रत्येकाच्या हातात द्यायचो आणि धोंडूच्या हातावर वरून टाकायचो. कोणी शिकवलं नव्हतं मला, हात आपोआप वर राहायचा. हे आज लिहितानाही कान तापतात.

तळ्याच्या प्रकरणाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला हजारो माणसं आली होती, मारामाऱ्या झाल्या होत्या आणि त्याचा दावा अजून कोर्टात चालू होता. गावात वरवर शांत होतं, पण पाणी म्हटलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. आणि मोटारीला तर पाणी लागतंच. पोलादपूर मागं टाकलं की घाट लागायच्या आधी रस्त्याला लागून एका वाडीची विहीर होती. सगळ्या मोटारी तिथं थांबत, क्लिनर रहाटावर पाणी काढून गाडीच्या पुढच्या टाकीत ओतत, कारण त्यावाचून घाट चढणं म्हणजे अर्ध्या वाटेवर इंजिन तापून बसणं. फूटबोर्डवर एक डबा भरलेला असे, तो घाटात अडचण आली तरच उघडायचा. चैत्रात नदी आटलेली, जवळपास दुसरं पाणी नाही.

पहिल्या दिवशी धोंडूनं बालदी उचलली आणि विहिरीकडे चार पावलं टाकली, तोच वाडीतली माणसं धावली. "ए! कुठं चाललास? थांब तिथंच!" बायकांनी कळश्या उचलून बाजूला घेतल्या. धोंडू थांबला. गाडीत वीस माणसं, गाडी घाटाच्या तोंडाशी आणि टाकी रिकामी. वस्ताद खाली उतरले, क्षणभर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग त्यांना मोठी युक्ती सुचली.

त्यांनी स्वतः रहाट ओढला. पोहरा वर घेतला. धोंडूला रस्त्यावर बालदी धरून उभं केलं आणि हातभर उंचीवरून तिच्यात पाणी ओतलं. मग धोंडूनं ते गाडीत ओतलं. वाडी गप्प बसली, कोणाचं काही बिघडलं नाही आणि गाडी वेळेवर चढली. वस्ताद इतके खूश झाले की परतताना मला म्हणाले, "लेखणी, बघितलंस? पाणी किलनरनंच भरलं. कायदा मोडला नाय, इहीर बाटली नाय. डोकं लागतं त्याला!" मीही म्हटलं, वा! खरं सांगतो, मलाही ते फार शहाणपणाचं वाटलं.

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी वस्ताद पोहरा घेऊन आले तर धोंडूची बालदी खाली रस्त्यावर, आणि तो गाडीला टेकून उभा.

"धर रे बालदी," वस्ताद म्हणाले.

"नाय धरत."

"का?"

"वस्ताद, पाणी तुमी काढता, तुमी वतता. मग मी कशाचा किलनर? आमच्या म्हातारीला वाण्याच्या दारात असंच वरनं वतत्यात. ती वंजळ धरते, मी बालदी धरतो. फरक काय झाला?" तो मोठ्यानं बोलत नव्हता. "मी बसऱ्याला नदीवर उतरून लॉरीत पाणी भरलंय. माझं काम मला येतं. करू द्यायचं तर द्या, नायतर मी शेडमदी गाड्या धुतो. पण ह्ये मी करणार नाय."

वस्तादांच्या हातात पोहरा तसाच. त्यांचं तोंड अगदी एवढंसं झालं. मोठ्या हौशीनं केलेली युक्ती आणि तिचं हे! त्या दिवशी त्यांनी स्वतःच टाकीत पाणी भरलं, आणि पूर्ण घाटभर मोटारीला एक शब्द बोलले नाहीत. उतारूंना वाटलं, वस्ताद आजारी आहेत.

तेवढ्यात त्या वाडीच्या खोतांचा निरोप शेटला आला. खोत आमचे नेहमीचे उतारू, सीझनमध्ये वर भाजी-कोंबड्या पाठवणारे. निरोप असा की हा क्लिनर विहिरीच्या आसपास दिसता कामा नये. शेटनं वस्तादांना बोलावलं. "धोंडू उद्यापासून शेडमध्ये. पगार तोच ठेवतो, हवं तर. गाडीवर दुसरा माणूस घ्या. मला सीझनमध्ये भानगड नको." पगार तोच म्हणजे मोठी मेहेरबानी केली असं त्याला मनापासून वाटत होतं. पण शेडमध्ये गेला की धोंडूची ड्रायव्हरकी संपली, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

संघाची सभा भर दुपारी शेडमध्ये भरली. वस्तादांनी ठराव मांडला: धोंडूनं स्वतः विहिरीवर पाणी काढल्याशिवाय चारही गाड्यांपैकी एकीतही पाणी भरायचं नाही. धोंडू कोपऱ्यात बसला होता. एक ड्रायव्हर उठला. "एका माणसापायी आमी सगळ्यांनी पोटावर पाय मारून घ्यायचा? आनि वाडीवाल्यांनी काठ्या काढल्या तर?" दुसरा म्हणाला, "आमची घरं पोलादपुरातच हायत, वस्ताद. आमाला तिथं ऱ्हायचंय."

वस्ताद म्हणाले, "धोंडू कोण ते सोडा. किलनर कोण ते बोला. गाडीचं पाणी किलनरनं भरायचं, ह्यो कायदा कोणी केला? तुमी-आमी. आज खोत म्हणतो पाणी ह्यानं भरायचं नाय. उद्या म्हणंल बिरेक मी मारतो. द्याल मारायला?"

कोणी हसलं नाही. हात वर झाले. बाजूनं सहा, धोंडू धरून. विरुद्ध दोन, आणि ते दोन खरेखुरे. वस्तादांचा उजवा हात सवयीनं निम्मा वर गेला होता. ते दोन हात बघून तो त्यांनी खाली घेतला आणि मग पुन्हा वर केला, बाजूनं. मी सात लिहिले. विरुद्धवाले दोघंही दुसऱ्या दिवशी गाड्या घेऊन आले, ही गोष्ट मला आजही विशेष वाटते. एकदा ठरलं म्हणजे ठरलं, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी वस्तादांना विचारलंच. मला राहवेना. "वस्ताद, तुम्ही त्याच्या हातचं पाणी पीत नाही. मग हे सगळं कशासाठी?"

ते चिडले. "ते माझ्या पोटाचं झालं. ह्ये गाडीचं हाय. तुमी शिकलेली माणसं सगळं एकत्र कालवता." धोंडू हँडल मारायला वाकला होता. त्यानं ते ऐकलं, आणि जरा जास्तच जोरानं हँडल फिरवलं.

सकाळी नवाला चारही मोटारी विहिरीपाशी ओळीनं उभ्या राहिल्या. सीझनचे दिवस, गाड्या खचाखच. पुण्या-मुंबईची माणसं टोप्या-छत्र्या सांभाळत खाली उतरली. "काय झालं? पाणी समोर आहे, भरत का नाही?" वस्ताद प्रत्येकाला एकच सांगत, "किलनर भरंल. किलनरला इचारा." आणि धोंडू बालदी घेऊन उभा, समोर काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं. एक दगड आला. तो मडगार्डवर लागला. धोंडूनं बालदी सोडली नाही. माझ्या मात्र मनात येत होतं, सुटलो तर परत या भानगडीत पडणार नाही.

दुपार झाली. शेट घोड्याच्या टांग्यातून धापा टाकत आला. एका बाजूला त्याचे उतारू आरडाओरडा करतायत, दुसऱ्या बाजूला खोत. त्यात गंमत अशी की खोतांच्या कोंबड्यांची खुराडी आमच्याच दुसऱ्या मोटारीच्या टपावर, उन्हात. वरच्या बंगल्यांतून त्यांची मागणी होती आणि त्या तापून मरायला टेकल्या होत्या. दोन तास कुजबुज झाली. शेवटी खोत पुढं आले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "गाडीपुरतं. फक्त गाडीपुरतं पाणी काढ. तोंडाला लावायचं नाही, थेंबसुद्धा."

धोंडूनं मान डोलावली. रहाटाला हात लावला. पोहरा खाली गेल्याचा आणि मग बुडाल्याचा आवाज आला. त्यानं चारही गाड्यांचं पाणी एकट्यानं काढलं. बाकीचे तिन्ही क्लिनर बालद्या धरून रांगेत. दगड उचलणारी माणसंही बघत राहिली.

संपलं म्हणता? संपत कसलं! आम्ही संध्याकाळी परत आलो तर विहीर उपसलेली, काठावर गोमूत्र शिंपडलेलं आणि पोलादपुरातून आणवलेले भटजी घाम पुसत बसलेले. विहीर शुद्ध केली होती. दुसऱ्या दिवशी गाडी आली, धोंडूनं पाणी काढलं. गाडी गेल्यावर पुन्हा उपसा, पुन्हा मंत्र. तिसऱ्या दिवशी तेच. वस्तादांनी ठरवलं, काही झालं तरी एक दिवसही खाडा नाही. एक दिवस जरी धोंडू आला नाही तरी म्हणतील, गेलं एकदाचं. एका सकाळी महाडहून एकही उतारू नव्हता. शेट म्हणाला गाडी सोडू नका. वस्तादांनी रिकामी गाडी हाकली, पोलादपुरात कोणी मिळेल म्हणून, आणि वाटेत मोटारीला सांगत होते, "चल गो, आज तुझंच लगीन हाय."

पण माणसाला कंटाळा येतो हो. धर्माचाही येतो. चैत्रातली विहीर रोज उपसायची म्हणजे झऱ्याला पुन्हा भरायला दुपार उलटते. त्या वाडीतल्या बायकांना चार-चार तास पाण्याशिवाय बसावं लागलं. सातव्या दिवशी आम्ही परतताना विहिरीवर एक म्हातारी खोतांच्या गड्याला फाडफाड बोलत होती. "त्यो मोटारवाला चार पोहरे नेतो, आनि तुमी आख्खी इहीर रिकामी करता! मग पाणी कोणी नासलं, त्यानं का तुमी? माझ्या म्हशीनं काय प्यावं, तुझे मंत्र?" तिचं बोलणं ऐकायला वस्तादांनी मुद्दाम गाडी हळू केली होती.

आठव्या दिवशीही मी गाडीवर होतो, या वेळी महाबळेश्वरच्या बुकिंगवर चार दिवस काढायचे होते म्हणून. विहिरीपाशी आलो. काठावर गोमूत्राची घागर नव्हती, भटजी नव्हते, काठीवाला एकही नव्हता. तीन बायका पाणी भरत होत्या. त्यांनी धोंडूला बघितलं आणि कळश्या जरा सरकवल्या, एवढंच.

धोंडूनं पाणी काढलं. गाडीची टाकी भरली. फूटबोर्डवरचा डबा भरला. झाकण लावलं. आणि मग तो परत विहिरीकडे गेला.

वस्ताद गाडीत बसले होते. "आता काय राह्यलं रे?" त्यांनी विचारलं. धोंडूनं पुन्हा एक पोहरा वर ओढला, काठावर टेकवला, ओंजळ केली आणि प्याला. घाईनं नाही. सावकाश, तहान भागेपर्यंत. बायका बघत होत्या. एक पुटपुटली, पण तिथून हलली कोणी नाही. मी उगाच तिकिटं मोजत बसलो.

धोंडू ओल्या तोंडानं गाडीपाशी आला. पोहऱ्यात अजून पाणी होतं. तो त्यानं वस्तादांच्या पुढं केला. "घेता, वस्ताद? गार हाय."

वस्तादांनी पोहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता घेतील. इतकं सगळं केलं या माणसानं, आता एवढं तरी करील. पण ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला तहान नाय."

"बरं," धोंडू म्हणाला. राहिलेलं पाणी त्यानं विहिरीकाठच्या केळीला घातलं आणि हँडल मारलं.

मला इतका राग आला होता वस्तादांचा! वाटलं, खाली उतरावं आणि चालत महाडला जावं. ते मोटारीला बोलत नव्हते. मावशीचं वळण गेलं, चुलत्याचं गेलं. ऊन डोक्यावर आलं होतं. सासऱ्याचं वळण पार झालं, आणि पुढच्या चढावर त्यांनी गाडी एकदम उभी केली. घाटात चढावर गाडी थांबवणं त्यांना बिलकूल खपत नसे. धोंडू सवयीनं उडी मारून चाकामागं दगड लावायला धावला.

वस्ताद खाली उतरले, अनवाणीच. धोंडूच्या समोर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला.

"धोंडू, माझं चुकलं," ते म्हणाले. "तहान लागली हाय. दे पाणी."

धोंडूनं फूटबोर्डवरच्या डब्याकडे बघितलं. आणि त्या माणसाला मी पहिल्यांदाच पोट धरून हसताना पाहिलं.

"ह्ये गाडीचं हाय, वस्ताद," तो म्हणाला. "खोतांनी गाडीपुरतं दिलंय. माणसाचं उद्या देतो."

मग वस्तादही हसले, आणि तहानलेलेच परत गाडीत चढले.

पुढचे चार दिवस मी वरच होतो. खाली आल्यावर दोघांनाही वेगवेगळं गाठून विचारलं, दुसऱ्या दिवशी विहिरीवर काय झालं? वस्ताद म्हणाले, "तुला काय करायचं? लेखणी हायस, लिव्ह." धोंडूला विचारलं, तर तो म्हणाला, "वस्तादांना इचारा." एवढंच मला कळलं की त्यानंतर भाकरीचं फडकं परत बॉनेटखाली जाऊ लागलं होतं, आणि ते काढायचं काम क्लिनरचं होतं.